घाटात उकळणारी पिकअप : केज तालुक्यातील एका मालवाहू गाडीच्या देखभालीचे प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात भाड्याने चालणाऱ्या एका डिझेल पिकअपचे आहे. गाडी २०१८ सालची, प्रदूषणाच्या भारत स्टेज-४ मानकाची, टर्बोचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारे चक्र) असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाची आणि नोंदणीच्या कागदावर दीड टन माल वाहण्यास पात्र असलेली आहे. मालक मूळचे शेतकरी. गाडी त्यांचा पुतण्या चालवतो. काम हंगामाप्रमाणे बदलते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे कट्टे लातूरच्या बाजार समितीत जातात, त्यामागोमाग वेचणीचा कापूस जिनिंगवर, पुढे तूर आणि हरभरा, आणि मे महिना उजाडला की केसर आंब्याचे क्रेट छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात. परतीच्या फेरीत गाडी रिकामी आणणे कोणालाच परवडत नाही, त्यामुळे बीडहून सिमेंट, खत, पत्रे, सळया असे जे मिळेल ते भरून आणले जाते.

प्रकरण तपशिलाने नोंदवण्याचे कारण असे की, या गाडीत एकही भाग मुळात सदोष नव्हता. तरीही सलग दोन उन्हाळे ती घाटात तापत राहिली, तिचे हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, एकदा उतरवून पुन्हा बसवले गेले, आणि शेवटी ‘इंजिन गेले, मिळेल त्या भावात देऊन टाका’ असा सल्ला मालकांना मिळाला. त्या सल्ल्यावर निर्णय घेण्याआधी त्यांनी लातूरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली. तिथे जे उघडकीस आले ते ऐकायला अगदी साधे आहे: बोअरचे पाणी, निकामी झालेले झाकण, जाळीत अडकलेली सरकी-रुई, मागच्या स्प्रिंगांना लावलेला एकेक जादा पाटा आणि एक ढिली क्लिप. यांतले कोणतेही एक कारण गाडी बंद पाडण्याइतके मोठे नव्हते. पाचही एकाच चढणीवर एकत्र आली, तेव्हा मात्र इंजिनाला पळवाट उरली नाही.

घाटातली तक्रार

बीडहून मांजरसुंब्याकडे येताना रस्ता बालाघाटाच्या डोंगरावर चढतो. मे महिन्यातली दुपार, हवेचे तापमान बेचाळीस अंशांच्या पुढे, पाठीवर सिमेंट आणि समोर ट्रकांची रांग, अशा स्थितीत काटा वर सरकू लागे. पुतण्याने मिस्त्रींना सांगितले ते असे: “सपाटीला काटा मधोमध राहतो, उस्ताद. घाट लागला की वर जायलाय. पाणी तर मी रोज सकाळी टाकायलो.”

या तीन वाक्यांतले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते. मोटारीची शीतकरण व्यवस्था बंदिस्त असते. तिच्यात रोज पाणी घालावे लागत असेल तर ते पाणी रोज कुठेतरी जात आहे, हे उघड आहे. नळ्या, पंप, रेडिएटर यांतून गळती दिसत नसेल तर ते वाफ होऊन झाकणावाटे बाहेर पडत असते किंवा सिलिंडरमध्ये जाऊन वाफेच्या रूपात धुराबरोबर बाहेर जात असते. रोज पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे जुन्या गाड्यांपासून चालत आलेली आहे आणि तिला देखभाल समजले जाते. प्रत्यक्षात ती तक्रार झाकून ठेवते, आणि रोज ओतलेल्या पाण्याबरोबर नवे क्षारही आत जात राहतात.

दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका फेरीत काटा लाल रेघेपर्यंत गेला आणि मग एकाएकी खाली आला. गाडी थंड झाली असे समजून पुतण्याने ती पुढे काढली. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरे तापमान सांगतो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की त्याच्याभोवती फक्त वाफ आणि हवा उरते, आणि काटा खोटा दिलासा देतो. लाल रेघेला टेकलेला काटा अचानक उतरला तर तो गाडी त्याच जागी बंद करण्याचा इशारा समजावा. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत इंजिनाची ओढ गेली होती आणि नळीतून पांढरी वाफ येत होती. तिथल्या ढाब्यावरून आणलेले घागरभर गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतले गेले. ॲल्युमिनियमच्या हेडला त्या क्षणी जे व्हायचे ते झाले.

आधी झालेले उपाय

पहिल्या उन्हाळ्यात गावाजवळच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्यात आला होता. हा उपाय मराठवाड्यात इतका रूढ आहे की कित्येक चालकांना आपल्या गाडीत थर्मोस्टॅट नाही याची कल्पनाही नसते. त्यामागचा तर्क असा की झडप काढली म्हणजे पाणी मोकळे फिरेल आणि गाडी तापणार नाही. सपाटीवर आणि हिवाळ्यात हा तर्क खरा वाटतो. पण अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूने रेडिएटर टाळणारी बायपासची वाट बंद करते. झडपच नसेल तर पाण्याचा काही हिस्सा रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच घुटमळतो, म्हणजे ज्या घाटासाठी उपाय केला त्याच घाटात तो उलटतो. शिवाय थंडीच्या दिवसांत इंजिन आपल्या योग्य तापमानाला, म्हणजे साधारण ८२ ते ९० अंशांना, लवकर पोचत नाही. डिझेल अर्धवट जळते, त्यातले काही ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडरची झीज वाढते.

दुसऱ्या उन्हाळ्यात, वरच्या प्रसंगानंतर, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) बदलण्यात आले. हेड वाकले आहे का हे तपासले गेले नाही आणि जुनेच बोल्ट पुन्हा आवळले गेले. काही आठवड्यांत तक्रार जशीच्या तशी परत आली. पाणी का उकळले या प्रश्नाला कोणी हात घातला नव्हता, त्यामुळे नवे गॅस्केट जुन्याच कारणाच्या तोंडी दिले गेले.

गाडी उघडल्यावर

लातूरच्या मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी गाडी अर्धा तास नुसती चालू ठेवली. इन्फ्रारेड थर्मामीटरने त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे तापमान मोजत नेले. निरोगी रेडिएटरमध्ये हे तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश उतरत जाते. इथे मधला मोठा पट्टा जवळपास हवेइतका थंड लागत होता. त्या पट्ट्यातून पाणी वाहतच नव्हते.

नंतर थर्मोस्टॅटचे घर उघडले. आतल्या भिंतीवर पिवळट पांढरा, नखाने खरवडला तर पापुद्र्याने सुटणारा थर चढला होता. पाणी तापवण्याच्या रॉडवर जो थर धरतो तोच हा. मराठवाड्याचा खडक बसाल्टचा आहे आणि बोअर जितके खोल तितके पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सहसा जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत मुभा दिलेली आहे. उन्हाळ्यात आपल्या भागात पिण्याच्या पाण्याचेच वांधे असतात. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात गाडीसाठी वेगळे पाणी शोधा, असे सांगणे कोणाला चैनीचे वाटेल. परंतु क्षारांचा थर धातूच्या तुलनेत उष्णता फार कमी वाहून नेतो. इंजिनाच्या पाणीमार्गात तो चढला की बाहेरचा काटा मधोमध असतानाही आतला धातू भाजत राहतो.

तिसरी गोष्ट रेडिएटरच्या झाकणाची. त्याच्या रबराचे वायसर कडक होऊन चिरले होते. बहुतेक चालक या झाकणाला नुसते बूच समजतात. वास्तविक ते दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे आणि सगळी सुरक्षितता त्या दाबावर अवलंबून असते. सहासातशे मीटर उंचीच्या बालाघाटावर साधे पाणी उघड्या भांड्यात ९८ अंशांच्या आसपास उकळते. निम्मे कूलंट (शीतकरणासाठीचे रसायन) आणि निम्मे क्षारविरहित पाणी असे मिश्रण भरून त्यावर सुमारे एक बार दाब धरणारे चांगले झाकण लावले, तर उकळण्याची पातळी सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. या गाडीत कूलंट नव्हते आणि झाकण दाब धरत नव्हते. म्हणजे घाट चढण्यासाठी निर्मात्याने जी सव्वीस-सत्तावीस अंशांची ऐसपैस जागा ठेवली होती ती आधीच खर्ची पडली होती. नव्वद अंशांवर नीट चालणाऱ्या इंजिनाला चढणीवर आठ-दहा अंश वर जाणे सहज शक्य असते. या गाडीला तेवढेच पुरे झाले.

पुढची जाळी सोडवून बाजूला केली तेव्हा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत रुई, भुस्कट, मेलेले किडे आणि ऑइलची ओल यांचा दाबून बसलेला थर निघाला, जुन्या घोंगडीच्या तुकड्यासारखा, हाताने अख्खा उचलता येईल असा. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसत होती, कारण धुणारा दर वेळी समोरूनच जोराच्या फवाऱ्याने धूत असे आणि कचरा आणखी आत ढकलत असे. कापसाच्या हंगामानंतर ही जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुतली पाहिजे. कापूस वाहणाऱ्या गाडीला हे काम दरवर्षी लागते. यात खर्च जवळजवळ नाही, वेळ मात्र जातो.

हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे मापक) लावून पाहिले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१ मिलिमीटरची पाती सहज सरकत होती. बहुतेक निर्माते इतका वाकही मान्य करत नाहीत. यंत्रावर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणे, शक्य आहे का, हे त्या इंजिनाच्या नियमपुस्तिकेवर ठरते. काही डिझेल हेडना फेसिंगची परवानगीच नसते. इथे ती होती, मर्यादेत. तरीही फेसिंगनंतर व्हॉल्व्हची खोली आणि इंजेक्टरचे टोक किती पुढे येते हे मोजावे लागते. गॅस्केटही दुकानात मिळेल ते चालत नाही, कारण पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यानुसार त्याची जाडी निवडायची असते. ती जाडी गॅस्केटच्या कडेच्या खाचांवरून ओळखतात. आधीच्या दुरुस्तीत या खाचा कोणी पाहिल्याच नव्हत्या असे दिसते.

वजनाचा हिशेब

या ठिकाणी मिस्त्रींनी मालकांना थेट विचारले, “बीडहून सिमेंटच्या गोण्या किती आणता, मालक?” उत्तर पन्नास असे आले. एक गोणी पन्नास किलोची, म्हणजे अडीच टन. कागदावर मान्य असलेल्यापेक्षा पूर्ण एक टन जास्त.

पूर्ण भरलेली ही गाडी सुमारे सव्वातीन टन धरली तर एक टन जादा म्हणजे साधारण तीस टक्के वाढ, आणि चढणीवर त्याच वेगाने जायचे तर इंजिनाला जवळजवळ त्याच प्रमाणात जास्त काम करावे लागते. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश हिस्सा थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. काम वाढले की तो हिस्साही वाढतो. म्हणजे ज्या रेडिएटरचा मधला पट्टा बंद होता, त्याच्याकडून निरोगी रेडिएटरपेक्षा जास्त उष्णता फेकण्याची अपेक्षा होती. त्यात पुतण्या डिझेल वाचवण्यासाठी वरच्याच गिअरमध्ये, इंजिन गुदमरत असताना, घाट चढवत असे. इंजिनाचे फेरे कमी झाले की पाण्याचा पंप आणि बेल्टवरचा पंखा दोन्ही मंदावतात, म्हणजे उष्णता वाढत असताना ती काढून टाकणारी यंत्रणा मात्र सुस्त होते. एक गिअर खाली घेऊन फेरे वाढवले तर आवाज वाढतो, पण काटा उतरतो.

जादा वजनासाठी मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला होता. मालकांच्या मते गाडी त्यामुळे मजबूत झाली होती. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही इतकेच. ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. ब्रेकच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी वाईट होते, आणि हा मुद्दा फार थोड्या लोकांना माहीत असल्याने इथे जरा सविस्तर मांडतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा एक व्हॉल्व्ह असतो. चेसी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर किती घटले यावरून तो गाडीत भार किती आहे हे ओळखतो आणि त्या प्रमाणात मागच्या चाकांना ब्रेकचा दाब पाठवतो. रिकाम्या गाडीची मागची चाके ब्रेक दाबताच जाम होऊ नयेत, हा त्याचा उद्देश. पाटा कडक केला की भरलेली गाडीही कमी दबते. मग व्हॉल्व्हला ती अर्धवट भरलेली वाटते आणि तो मागचा ब्रेक हात राखून देतो. परिणामी अडीच टन घेऊन घाट उतरताना सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो. या गाडीचे पुढचे पॅड दुप्पट वेगाने झिजत होते आणि त्याचे कारण चालकाची ब्रेक लावण्याची सवय असे समजले गेले होते.

कायद्याचा भाग थोडक्यात: २०१९च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार जादा भाराला वीस हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. या गाडीला तो कधी झाला नव्हता, आणि बहुधा म्हणूनच पन्नास गोण्या हे प्रमाण होऊन बसले होते.

धूळ

हेड उतरलेलेच होते म्हणून हवेचा मार्गही तपासला गेला. एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीत मिस्त्रींनी पांढरे फडके फिरवले, तेव्हा त्यावर करड्या धुळीची स्पष्ट रेघ उमटली. फिल्टरनंतरच्या भागात धूळ असायलाच नको. नळीच्या टोकाची क्लिप ढिली होती आणि टर्बोच्या पुढच्या चक्राच्या पात्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. सोयाबीनच्या मळणीत मळणीयंत्राजवळ उभी राहणारी आणि शेताच्या वाटेने रोज जाणारी गाडी जी हवा ओढते तिच्यात बारीक वाळूचे कण असतात, आणि ते पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासून काढतात. गाडी हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑइल खात होती, त्याचा उगम बहुतांशी इथे होता.

फिल्टर स्वतः दर आठवड्याला टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फुंकला जात असे. एवढ्या दाबाची हवा जवळून मारली की कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात. आत दिवा धरून पाहिले असता ती टाचणीच्या टोकाएवढ्या उजेडाच्या ठिपक्यांनी दिसली. फिल्टर हलकेच आपटून धूळ झाडावी, फार तर आतून बाहेर अगदी कमी दाबाने हवा मारावी, आणि हंगाम संपला की बदलून टाकावा. हवेची नळी फुकट राखता येते, टर्बो मात्र हजारो रुपयांना पडतो.

दुरुस्ती आणि नंतरची घडी

हेड फेसिंग करून, मोजमापाने निवडलेले गॅस्केट आणि नवे बोल्ट वापरून, टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने आवळून बसवण्यात आले. रेडिएटर बदलला. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून त्यात रॉड मारता येत असे; ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असलेल्या हल्लीच्या रेडिएटरला ते सहसा मानवत नाही, आणि चोंदलेल्या पाणीनळ्यांत ॲसिड ओतून वेळ मारून नेण्याचा प्रयोग तर कोणी करूच नये. इंजिनाचा पाणीमार्ग सौम्य फ्लशने, नंतर क्षारविरहित पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला. थर्मोस्टॅट नवा बसवला, झाकण नवे घेतले, बेल्ट आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलले, कारण हे दोन्ही भाग खोलूनच ठेवलेले होते आणि मजुरी दुसऱ्यांदा देण्यात अर्थ नव्हता. जादा पाटे काढून टाकले. त्यावर काका-पुतण्यात बराच वाद झाला. मिस्त्रींनी एलएसपीव्हीची दांडी दाखवून मागच्या ब्रेकचा प्रकार समजावल्यावर तो मिटला. पाटे काढल्यावर यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळायला हवेत, हेही त्यांनी बजावले. नवी बांधणी बसताना ते हमखास ढिले पडतात.

पाण्याचा प्रश्न मालकांनी आपल्या पद्धतीने सोडवला. कूलंटचा तयार मिश्रणाचा डबा आता गाडीतच असतो. तो संपला तर बाजारगावात बॅटरीच्या दुकानात मिळणारे क्षारविरहित पाणी घालायचे आणि वाटेत अगदीच अडले तर मिळेल ते स्वच्छ पाणी घालायचे, पण घरी आल्यावर तशी नोंद करून पुढच्या सर्व्हिसला सगळे मिश्रण बदलायचे, असे ठरले. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणीही, पहिली सर सोडून, बोअरपेक्षा या कामाला बरे; एका ड्रममध्ये ते साठवले जाते. रंग पाहून कूलंट निवडू नये, एवढे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे, कारण एकाच हिरव्या रंगाच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या जातीचे रसायन असू शकते आणि काही जाती एकत्र आल्यास गाळ धरतात.

बाकीच्या देखभालीत मालकांनी नवे फारसे काही आणले नाही, वेळा बदलल्या. पुस्तिकेत ऑइल बदलण्याचे जे अंतर दिलेले असते ते साधारण वापरासाठी असते. धूळ, ऊन आणि पूर्ण भार या तिन्हींत फिरणाऱ्या गाडीसाठी ते निम्म्यापर्यंत खाली आणणे रास्त आहे, आणि ते इथे केले. डिझेल फिल्टरच्या तळाचा पाणी काढण्याचा स्क्रू पावसाळ्यात दर पंधरवड्याला सोडला जातो; ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल पिकअपमध्ये ओतणे बंद झाले, कारण त्या ड्रमच्या तळाला साचणारे पाणी ट्रॅक्टरचा जुना पंप एक वेळ सोसेल, कॉमन रेलचे, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणारे, इंजेक्टर सोसत नाहीत. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचे ठरले, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि घाट उतरताना तापले की आत वाफ धरते. ग्रीसिंग धुलाईनंतर करायचे, आधी नाही. चाकांची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

वजनाच्या बाबतीत प्रश्न पैशाचा होता आणि तो टाळून चालणार नव्हते. तीस गोण्यांत भाडे परवडत नाही, हे मालकांचे म्हणणे गोणीमागे भाडे घेण्याच्या पद्धतीत खरेच होते. त्यांनी भाडे खेपेवर आणले. दोन-तीन दुकानदार गेले. बरेचसे राहिले, कारण मे महिन्यात घाटात अडकलेल्या गाडीची वाट पाहण्याचा अनुभव त्यांनाही होता. गोणीमागच्या भाड्याने चालकाला जादा वजनाची चटक लागते आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी गाडी चुकती करते, असे माझे मत आहे. पण बाजारात सगळेच गोणीवर घेत असताना एकट्याने खेपेवर जाणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

नवी गाडी घ्यावी का, हा विचारही झाला होता. एप्रिल २०२०नंतरच्या भारत स्टेज-६ गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते, आणि ऑइलही कमी राख सोडणाऱ्या प्रतीचेच लागते. गाव ते बाजार अशा तुटक फेऱ्यांच्या मालकाने नवी गाडी घेण्याआधी ही बाजू नीट समजून घ्यावी. शिवाय ज्या सवयींनी जुनी गाडी उकळली त्याच सवयी नवीला आणखी महाग पडल्या असत्या. हेडचे काम, रेडिएटर आणि सुटे भाग मिळून झालेला खर्च नव्या गाडीच्या तुलनेत किरकोळ होता. पण तेच पैसे आणि त्याशिवाय आधीच्या दोन दुरुस्त्यांचे पैसे, योग्य कूलंट आणि एक झाकण यांनी वाचले असते.

पुढच्या मे महिन्यात केसरचा हंगाम पुरा झाला. घाटात काटा मध्याच्या किंचित वर जातो आणि माथ्यावर पोचल्यावर खाली येतो; कूलंटची पातळी बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये राहते. पुढचे पॅड आता पूर्वीसारखे लवकर झिजत नाहीत. गाडीत एक शंभर पानी वही असते, तिच्यात किलोमीटर, घातलेले ऑइल, घातलेले कूलंट आणि वजनकाट्याची पावती असे चार रकाने पुतण्या भरतो. ऑइल खाण्याचे प्रमाण मात्र कायम आहे, कारण घासलेल्या रिंगा हेड बसवून भरून येत नाहीत. मिस्त्रींनी इंजिन खाली उतरवण्याची घाई करू नये असे सांगितले आहे: हजार किलोमीटरमागे एक लिटरच्या पुढे गेले, किंवा ऑइल भरण्याच्या झाकणातून धुराचा भपका वाढला, तर रिंगा बदलायच्या. मालवाहू वाहनाला आठ वर्षे झाली की फिटनेसची तपासणी दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावी लागते. २०१८च्या या गाडीची ती पाळी २०२६ साली येते. त्याआधी मागचे ड्रम उघडून चाकांचे सिलिंडर तपासणे आणि पाट्यांचे बुश बदलणे, ही दोन कामे वहीच्या शेवटच्या पानावर बाकी म्हणून लिहिलेली आहेत.